निशिगंधाला नुसती पानंच येतायत? मग गड्डा उपटून कंद वेगळे करायची वेळ झाली

दरवर्षी पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, की आमच्याकडे निशिगंध आहे, पानं भरभरून आहेत, पण फुलांचा दांडा काही येत नाही, कुठलं खत टाकू? माझं उत्तर एकच असतं, खत नका टाकू, तो गड्डा किती वर्षं एकाच जागी आहे ते आधी सांगा. बहुतेक वेळा चार-पाच वर्षं असं उत्तर येतं आणि कारण तिथेच सापडतं.

निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. दांडा आला, फुलं झाली, की त्या कंदाचं काम संपलं, तो पुन्हा फुलणार नाही. पण तोपर्यंत त्याच्या आजूबाजूला पिल्लं धरलेली असतात आणि पुढची फुलं त्यांच्यातून येतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात असतं ना, ते कसं एकदा उंच दांडा काढतं आणि मग वाळून जातं, आणि बुडाशी पिल्लं सोडून जातं, तसंच हे, आणि हे काही उगाच जुळवून सांगत नाहीये, निशिगंध खरंच घायपाताच्या घराण्यातला आहे, मूळचा मेक्सिकोचा, आणि आता तर शास्त्रज्ञांनी त्याचं नावसुद्धा बदलून अगेव्ह अमिका केलंय, म्हणजे घायपाताच्याच वंशात नेऊन ठेवलंय.

तर होतं काय, की तीन वर्षांत एका कंदाचे वीस-पंचवीस होतात, सगळे एकमेकांना चिकटून, मधे जुने फुलून गेलेले कंद तसेच अडकलेले, आणि पिल्लांना पोसायला जागाच मिळत नाही. कंद साधारण 2 सेंटीमीटर जाडीचा झाल्याशिवाय दांडा काढत नाही. सगळी पिल्लं करंगळीएवढीच राहिली तर फुलं येणार कुठून? पानं मात्र सगळ्यांनाच येतात, म्हणून वरून झाड एकदम छान दिसतं.

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरी कंपाउंडलगत आईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी लावलेला वाफा आहे. आई होत्या तोवर त्या दर दोन-तीन वर्षांनी तो उपटायच्या, मला तेव्हा वाटायचं चांगलं जोमात वाढलेलं झाड ह्या का उकरतायत. त्या गेल्यानंतर चार वर्षं मी हात लावला नाही, त्यांची आठवण म्हणून तसंच ठेवलं, आणि चौथ्या वर्षी गणपतीत एकसुद्धा दांडा नव्हता. तेव्हा कुदळ हातात घेतली.

कधी काढायचे

नाशिकची थंडी निशिगंधाला मानवत नाही. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते, पानं टोकाकडून पिवळी पडायला लागतात. हे रोग वगैरे नाही, झाड विश्रांतीला जातंय. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाणी कमी करत करत बंदच करा. माझा हिशोब सोपा आहे, रंगपंचमी झाली, गावात रहाडी म्हणजे रंगाच्या पाण्याचे ते जुने हौद खेळून झाले, की त्या आठवड्यात कंद काढायचे आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परत लावायचे. मधले पाच-सहा आठवडे कंद कोरडे राहिले पाहिजेत. ही विश्रांती चुकवू नका, काढले आणि त्याच दिवशी लावले तरी उगवतात, पण विश्रांती मिळालेले कंद एकसारखे उगवतात आणि फुलतातही जास्त.

पावसाळ्यात तर अजिबात उकरू नका. आपल्याकडची काळी माती ओली असताना कंदाला अशी लपेटून बसते की सोडवताना निम्मे जखमी होतात आणि मग सडतात.

काढायचे कसे

पानं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापून टाका. माती दगडासारखी झाली असेल तर दोन दिवस आधी हलकंसं पाणी मारा, चिखल नको, नुसती भुसभुशीत व्हायला. मग गड्ड्यापासून वीतभर लांबून, चारी बाजूंनी कुदळ किंवा पहार घालून उचकटा आणि अख्खा गड्डा खालून उचला. पानं धरून ओढलं तर पानं हातात येतात आणि कंद खाली राहतो. खुरप्याने जवळून उकरत बसलात तर कंद कापले जातात.

गड्डा बाहेर आला की एक दिवस सावलीत ठेवा, माती सुकते आणि झटकली की पडते. पाण्याने धुवायचा मोह होतो पण नका धुवू.

आता वेगळे करायचं काम, हे निवांत बसून, गोणपाट अंथरून करा. पहिल्यांदा बघाल तर नुसता तपकिरी गुंता दिसेल, कांद्याच्या पातीच्या बुडासारखे लांबुळके कंद, वर कागदासारखी सालं, खाली दोऱ्यासारखी मुळं. मध्यभागी बोट घाला, तिथे वाळलेला, काडीसारखा कडक दांड्याचा बुंधा लागेल. तो ज्या कंदातून निघालाय तो जुना, फुलून गेलेला. तो दाबला तर पोकळ, सैलसर लागतो. त्याच्या भोवती बिलगलेली पिल्लं एकेक करून बाहेरच्या बाजूला वाकवा, बुडाशी कट्ट करून सुटतात. जिथे सुटत नाहीत तिथे जबरदस्ती नको, धारदार सुरी घ्या. प्रत्येक पिल्लाच्या बुडाला थोडी तरी मुळांची चकती राहिली पाहिजे, ती तुटली तर ते पिल्लू गेलं. जुना मधला भाग सरळ कंपोस्टमध्ये.

मग तीन ढीग करा. पहिला, अंगठ्याएवढे जाड आणि दाबल्यावर टणक लागणारे, हे ह्याच वर्षी फुलणार. दुसरा, बारीक पिल्लं, ही फेकू नका, एका कुंडीत दाटीवाटीने लावून टाका, वर्षभरात पोसतात. तिसरा, मऊ पडलेले, आंबूस वास येणारे, आणि ज्यांच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात ते. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. हे कंपोस्टमध्येसुद्धा टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत द्या, आणि त्या जागी वर्षभर निशिगंध नको, झेंडू लावा, झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात.

ठेवायचे कुठे

इथे माझं मोठं नुकसान झालेलं आहे. पहिल्या वर्षी मी चांगले निवडलेले साठेक कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवले, महिन्याने उघडलं तर आत पाणी सुटलेलं, निम्म्याहून जास्त कंदांवर काळी-हिरवी बुरशी. आईंच्या हातचे कंद होते ते, फार वाईट वाटलं. आता मी मुळं इंचभर ठेवून कापते आणि कंद टोपलीत किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत, सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवते, आणि आठवड्यातून एकदा हात घालून खालीवर करते. कांदा जसा साठवतो तसंच, नाशिककरांना ह्याच्यापेक्षा जास्त काय सांगायचं.

परत लावताना

जागा उन्हाची हवी, निदान सहा तास. काळी माती असेल तर सपाट जमिनीत लावू नका, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचतं आणि कंद कुजतात, म्हणून अर्धा-पाऊण फूट उंच गादीवाफा करा. मी दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत आणि वर दोन-चार मुठी निंबोळी पेंड घेते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्या शेणाबरोबर हुमणी ही मातीतली पांढरी अळी येते आणि ती कंद पोखरते.

लावायच्या आधी कंद बाविस्टीन ह्या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला 2 ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. केमिकल नको असेल तर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, चालतं. मग वीतभर अंतरावर, टोक वर ठेवून, कंदावर दोन-अडीच इंच माती येईल इतकं खोल लावा. कुंडीत असेल तर 12 इंची कुंडीत तीन, फार तर चार.

कंद लावल्यावर पाणी एकदाच द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. मे महिन्याचं ऊन बघून जीव कळवळतो, रोज पाणी घालावंसं वाटतं, पण कोंब नसताना ओल्या मातीत कंद सडतोच. वरची माती कोरडी दिसली तरी आत ओल असते, बोट घालून बघा. कोंब वर आले की मात्र पाणी नियमित, आणि पाऊस सुरू झाला की तण काढत राहा. खताचं म्हणाल तर महिन्यातून एकदा गांडूळ खत पुरतं. युरिया टाकलात तर परत नुसती पानंच बघत बसाल.

जातीचं थोडक्यात, नवीन कंद घ्यायचेच असतील तर वासासाठी आणि गजऱ्यासाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, घ्या, बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल हे सिंगल चांगले आहेत, शृंगार सूत्रकृमीला बऱ्यापैकी तोंड देतो. डबल दिसायला भारी, फ्लॉवरपॉटमध्ये टिकतो, पण सुगंध सिंगलचाच.

एप्रिलअखेर लावले तर ऑगस्टमध्ये दांडे दिसायला लागतात. दांड्याची खालची दोन फुलं उमलली की पहाटे कापा, वरच्या कळ्या घरात पाण्यात उमलत जातात. आणि कापल्यावर त्या कंदाशेजारी एक काडी खोचून ठेवा, मी बांबूच्या चिपा खोचते, म्हणजे पुढच्या वेळी उपटताना कुठला कंद फुलून गेलाय ते शोधत बसावं लागत नाही. गेल्या वर्षी आमच्या वाफ्यात अशा एकतीस चिपा होत्या.