पेपर संदर्भांमुळे परत आला? या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या एका कॉलेजात पीएचडी करणारी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे नौपाड्यात आली. ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवरचा तिचा पेपर जर्नलने परीक्षकांकडे न पाठवताच परत केला होता. कारण एका ओळीचं: संदर्भ आमच्या पद्धतीत नाहीत. "ताई, दोन रात्री जागून एकेक स्वल्पविराम तपासलाय," ती म्हणाली. घोळ तिथेच होता. दोन रात्री तिने पेपरच्या शेवटची संदर्भसूची दुरुस्त केली. दुरुस्त करायला हव्या होत्या त्या झोटेरोतल्या, म्हणजे संदर्भ साठवून सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी.

झोटेरो, मेंडेली, एण्डनोट यांपैकी काहीही वापरा, वर्डमध्ये दिसणारी सूची ही नोंदींवरून काढलेली प्रिंट असते. तिच्यात थेट टाइप करून केलेली दुरुस्ती मजकुरात पुढचं सायटेशन (संदर्भाचा उल्लेख) घातलं किंवा रिफ्रेश दाबलं की पुसली जाते. म्हणून सूचीत काही खटकलं तर वर्ड सोडा, नोंद उघडा.

एकच पेपर, दोन क्रमांक

तिच्या सूचीत एकच पेपर ७ आणि १९ अशा दोन क्रमांकांवर होता. हा प्रकार फार दिसतो. एकतर पेपर दोनदा इम्पोर्ट झालेला असतो, नाहीतर विद्यार्थिनीने स्वतःच्या लायब्ररीतून आणि गाइडने त्यांच्या लायब्ररीतून तोच पेपर घातलेला असतो. पहिल्या प्रकारात झोटेरोच्या डुप्लिकेट्सच्या फोल्डरमध्ये जाऊन दोन्ही नोंदी मर्ज करा. दुसऱ्यात मर्ज चालत नाही, कारण लायब्ऱ्याच वेगळ्या. तिथे एक सामाईक ग्रुप लायब्ररी ठरवायची, सगळ्या सहलेखकांनी तिच्यातूनच संदर्भ घालायचे आणि आधी घातलेले एकेक करून बदलायचे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

लेखक-वर्ष पद्धतीत हाच रोग वेगळ्या लक्षणाने दिसतो. मजकुरात सगळीकडे 'पाटील, २०१४' असताना एके ठिकाणी अचानक 'एस. पाटील, २०१४' येतं. पाटील आपल्याकडे पैशाला पासरी, त्यामुळे दोन वेगळे पाटील असतील तर सॉफ्टवेअरचं बरोबरच आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखक-वर्ष पद्धत) तेच सांगते. पण एका नोंदीत 'एस.' आणि दुसरीत 'एस. आर.' असा एकच माणूस असेल, तर सॉफ्टवेअरला ती दोन माणसं वाटतात. दोन्ही नोंदींत नाव सारखं करा, आद्याक्षर आपोआप जाईल.

नावांचा दुसरा घोळ संस्थांचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल नोंदवताना मंडळाचं नाव लेखकाच्या आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींत भरलं गेलं, की सूचीत 'मंडळ, एम. पी. एन.' नावाचे गृहस्थ अवतरतात. झोटेरोत नावाच्या शेजारच्या बटणाने एकच चौकट करता येते. वर्डऐवजी लाटेकमध्ये लिहून बिबटेकने सूची करणाऱ्यांनी संस्थेचं नाव महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत ठेवावं. शीर्षकातल्या 'डीएनए'सारख्या शब्दांभोवतीही महिरपी कंस हवा, नाहीतर बिबटेकच्या बऱ्याच स्टाइल तो शब्द छोट्या लिपीत उतरवतात.

थाना की ठाणे?

हे खास आपल्या भागाचं दुखणं. खाडीवरच्या जुन्या पेपरांच्या शीर्षकांत 'थाना क्रीक' आणि 'बॉम्बे' असतं. या मुलीने फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे 'ठाणे' आणि 'मुंबई' केलं होतं. भावना चांगली, संदर्भ चुकीचा. शीर्षक छापलं तसंच राहतं. १९९५ साली शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, तरी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलचं नाव आजही बॉम्बेच आहे, आणि सूचीत ते तसंच यायला हवं. स्वतःच्या मजकुरात मात्र बेलाशक ठाणे खाडी लिहा.

खारफुटीवर लिहिणाऱ्यांना आणखी एक त्रास: तिवराचं शास्त्रीय नाव अव्हिसेनिया मरिना मजकुरात तिरप्या अक्षरात असतं, सूचीत सरळ होतं. वर्डमध्ये तिरपं करू नका, ते टिकणार नाही. झोटेरोतल्या शीर्षकात नावाच्या आधी आणि नंतर तिरप्या अक्षरांचे एचटीएमएल टॅग घाला. ते टॅग झोटेरो ओळखतं. तिथेच शीर्षक वाक्यासारखं, म्हणजे फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठ्या लिपीत, असं साठवा. त्यावरून प्रत्येक शब्द मोठ्या लिपीत करणं सॉफ्टवेअरला जमतं. उलट दिशेने जाताना ते गडबडतं, कारण विशेषनाम कुठलं हे त्याला कळत नाही.

स्टाइलचं नाव म्हणजे स्टाइल नव्हे

'जर्नल व्हँकुव्हर मागतं' एवढ्यावर थांबू नका. वैद्यकीय संपादकांची १९७८ सालची व्हँकुव्हरची बैठक हे त्या पद्धतीचं मूळ. तिथून निघालेल्या क्रमांक पद्धतीची प्रत्येक जर्नलने स्वतःची आवृत्ती केली आहे. क्रमांक चौकोनी कंसात की वर चढवून, सहा लेखकांनंतर एट अल (म्हणजे 'आणि इतर') की सगळेच लेखक, हे त्यांच्या सूचनांत बघा. सूचना अर्धवट असतील (बऱ्याचदा असतात), तर ताज्या अंकातला एखादा पेपर उघडून शेजारी ठेवा. एपीएत चूक होते ती आवृत्तीची: सहाव्या आवृत्तीत सूचीत सात लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची, सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत. आणि 'एट' नंतर टिंब नाही. तो पूर्ण लॅटिन शब्द आहे. तोडलेला शब्द 'अल' आहे, टिंब त्याला.

जर्नलच्या नावांचे संक्षेप मनाने करू नयेत. त्यासाठी आयएसओ ४ हे मानक आहे. 'मरीन पोल्युशन बुलेटिन'चे तिन्ही शब्द आखूड होतात, पण 'नेचर', 'सायन्स' यांसारखं एकशब्दी नाव होत नाही.

डीओआयमध्ये, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकात, तीन गोष्टी बघा: शेवटी चिकटलेलं टिंब, दोनदा आलेला पत्ता आणि जुना 'डीएक्स' असलेला दुवा. तो दुवा अजून चालतो, पण २०१७पासून डीओआय नोंदवणारी क्रॉसरेफ ही संस्था 'डीएक्स'शिवायचा सुरक्षित पत्ता द्यायला सांगते. मग प्रत्येक दुव्यावर क्लिक करा. हो, प्रत्येक.

क्लिक केल्याने भलतीच प्रकरणं उघडी पडतात. दुसऱ्याच्या सूचीतून न वाचता उचललेला संदर्भ चुकीच्या पानावर उघडतो. चॅटबॉटकडून घेतलेला तर कधीकधी अस्तित्वातच नसतो, डीओआय मात्र दिसायला अगदी अस्सल. कधी पेपर मागे घेतल्याची नोटीस समोर येते. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला, तरी त्यानंतरही तो उद्धृत होतच राहिला. झोटेरो अशा नोंदीवर लाल पट्टी दाखवतं. ती मिटवून पुढे जाऊ नका.

शोधगंगेवरून प्रबंध घेतलात तर संस्था म्हणून शोधगंगा लिहू नका. ते प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे, पदवी विद्यापीठाने दिलेली असते.

पाठवण्याआधी काही जर्नलांना साधा मजकूर हवा असतो, म्हणजे सायटेशनचे कोड तोडावे लागतात. झोटेरोत 'अनलिंक सायटेशन्स' आहे. ते दाबलं की क्रमांक पुढे आपोआप बदलत नाहीत, म्हणून फाइलची कॉपी करून कॉपीवरच दाबा. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी मी ते मूळ फाइलवर दाबलं. चार महिन्यांनी परीक्षकांनी प्रस्तावनेत सहा संदर्भ वाढवायला सांगितले, आणि मी ठाणे ते पनवेल लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन ४ चे १०, ५ चे ११ करत बसले होते.