नव्या मैदानावरच्या सामन्याला नवी माणसे बोलावताना करायची तयारी

एव्हर्टन या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे घरचे सामने आपण सोलापूरची चाहतेमंडळी पडद्यावर एकत्र पाहतो. त्यांना नवी माणसे बोलवायची असतील, तर सर्वांत आधी कागद-पेन घ्या आणि कोणता नवा पाहुणा कोणत्या जुन्या सभासदाशेजारी बसणार, हे नावानिशी लिहून काढा. प्रोजेक्टर, चहा, इंटरनेट ही सगळी कामे त्यानंतरची. 24 ऑगस्ट 2025 रोजी क्लबच्या नव्या हिल डिकिन्सन स्टेडियमवर ब्रायटनविरुद्ध प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा आम्ही बाकीचे सारे केले होते आणि एवढेच राहिले होते. जुनी मंडळी पुढे सतरंजीवर आपापल्या ठरलेल्या जागी बसली, नवी मंडळी मागच्या खुर्च्यांवर एका ओळीत बसली, आणि पहिल्या सत्रात इलिमान एन्जायने नव्या मैदानावरचा लीगमधला पहिला गोल केला तेव्हा पुढचा जल्लोष मागच्या ओळीपर्यंत पोहोचलाच नाही. मध्यंतरात त्यांतल्या बहुतेकांनी चपला घातल्या, ‘घरी जरा काम आहे’ असे अदबीने सांगितले आणि ते निघून गेले. जेम्स गार्नरचा दुसरा गोल आणि गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डने अडवलेली पेनल्टी, म्हणजे माणसाला कायमचे जोडून घेणारा सामन्याचा नेमका भाग, त्यांनी पाहिलाच नाही. जेवण उत्तम होते, चित्र स्वच्छ होते. फक्त त्यांच्या शेजारी कोणी नव्हते.

म्हणून जोडीदार आधी ठरवा. ‘आले की बघू, बसतील कुठेतरी’ असे म्हणू नका, कारण माणूस अनोळखी खोलीत शिरला की दाराजवळची जागा धरतो आणि दाराजवळ बसलेला माणूस दारातून बाहेरच जातो.

जोड्या लावताना पहिला विचार भाषेचा करावा. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते आणि सामन्याचे समालोचन मात्र आपल्याकडे इंग्रजीतच चालू असते. पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ऑफसाइडचा नियम तेलुगूतून समजावून सांगणारा माणूस आपल्याकडे असताना त्याला इंग्रजी झाडणाऱ्याशेजारी बसवणे म्हणजे दोघांचीही संध्याकाळ वाया घालवणे आहे. दुसरा विचार असा की एकटी येणारी मुलगी किंवा बाई असेल, तर तिच्या शेजारी आपल्यातलीच बाई असावी, आणि तशी कोणी त्या दिवशी येणार नसेल तर आमंत्रणाची तारीख बदलावी. वयाचाही मेळ बघावा. वडीलधाऱ्यांना सतरंजीवर बसवू नका; त्यांच्यासाठी खुर्ची पुढेच, बाजूला ठेवावी आणि त्यांचा जोडीदारही खुर्चीवर बसावा. बोलक्या माणसाला तीन पाहुणे देण्याचा मोह टाळावा, एकाला एक हेच बरे. पाहुणे जुन्या सभासदांहून अधिक होत असतील तर काहींना पुढच्या सामन्याला बोलवा, पण जोडीदाराविना कोणालाही बोलावू नका.

जोडीदाराला काय बोलायचे हेही सांगून ठेवावे लागते, कारण आपली जुनी माणसे मनाने चांगली असली तरी नव्या माणसाला पहिला प्रश्न ‘कधीपासून बघता?’ असा विचारतात आणि तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. तो विचारू नये. ‘तुम्ही गुडिसन पाहायला हवे होते’ हेही वाक्य बोलू नये. गुडिसन पार्क 1892 पासून पुरुष संघाचे घर होते आणि 18 मे 2025 रोजी साउदॅम्प्टनवर 2-0 असा विजय मिळवून संघाने त्याचा निरोप घेतला. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले, ते योग्यच होते. पण आपणही गुडिसन पाहिले ते पडद्यावरच. तिथल्या ग्वॅलडिस स्ट्रीटच्या स्टँडमध्ये आपण कधी उभे राहिलो नाही; कोपऱ्यावरचे सेंट ल्यूक्सचे चर्च आपल्याला ठाऊक आहे ते कॅमेरा तिकडे वळायचा म्हणून. इथे बसून ते मैदान आपण आपले मानले आणि आपल्याला कोणी अडवले नाही, तर आज दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण अडवण्याचे काही कारण उरत नाही. शिवाय नवे स्टेडियम सगळ्यांनाच नवे आहे. कोणता स्टँड कुठे आहे, कॅमेरा कोणत्या बाजूने दाखवतो, गोलानंतर आवाज कुठून उठतो, हे आपणही आत्ताच शिकत आहोत. जुना आणि नवा चाहता एकाच पायरीवर उभे असण्याचा असा काळ क्लबच्या इतिहासात फार क्वचित येतो. म्हणून माणसे जोडायची असतील तर ती याच काळात जोडावीत, असे मला मनापासून वाटते.

सांगण्याजोगे पुष्कळ आहे, पण ते थोडे आणि विचारल्यावर सांगावे. लिव्हरपूलचे नाव सगळ्यांना माहीत असते, तेव्हा तिथूनच सुरुवात करणे सोपे जाते: 1892 पर्यंत लिव्हरपूलचे आजचे मैदान ॲनफिल्ड हे एव्हर्टनचेच होते, जागामालक जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून आणि व्यवहारावरून बिनसले, क्लब स्टॅनले पार्क या बागेच्या पलीकडे गुडिसनला गेला आणि रिकाम्या राहिलेल्या ॲनफिल्डसाठी हौल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा क्लब काढला. ही गोष्ट ऐकली की नव्या माणसाला घर बदलणे या क्लबच्या रक्तातच आहे हे कळते आणि डर्बीचा, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांच्या सामन्याचा, अर्थही कळतो. नवे स्टेडियम मर्सी नदीकाठच्या ब्रॅमली-मूर डॉक या जुन्या गोदीत आहे. 1848 साली सुरू झालेला हा डॉक समुद्रातून उपसलेल्या वाळूने भरून त्यावर 52 हजारांहून अधिक प्रेक्षकांचे मैदान उभे केले आहे. लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी गिरणीचे बंद पडलेले आवार पाहिलेल्या सोलापूरकराला ओस पडलेल्या धक्क्यावर पुन्हा माणसांची गर्दी होणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गुडिसनच्या स्टँडवर त्याचे रचनाकार आर्चिबाल्ड लीच यांची पोलादी तिरप्या पट्ट्यांची जाळी होती. नव्या स्टेडियमच्या विटांच्या भिंतींतही ती नक्षी आणली आहे. सामन्याआधी कॅमेरा बाहेरून फिरतो तेव्हा जोडीदाराने ती बोटाने दाखवावी. गुडिसन पाडले का, असे विचारतातच. तर नाही, तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो, आणि हे ऐकून आपल्याकडच्या मुलींचे चेहरे उजळलेले मी पाहिले आहेत.

एव्हर्टनच्या डिक्सी डीनचे 1927-28 च्या हंगामातले लीगमधले 60 गोल सांगायला हरकत नाही, तो आकडा कोणालाही थक्क करतो. मात्र 2023-24 मध्ये गुण कसे कापले गेले, आधी 10, मग अपिलात ते 6 वर आले आणि पुढे आणखी 2, हा पाढा पहिल्या दिवशी म्हणू नका. आपण ते दुःख एकत्र सोसले म्हणून ते आपल्याला जवळचे वाटते. नव्या माणसाला ती केवळ तक्रार वाटते. तिसऱ्या-चौथ्या सामन्याला तो स्वतःच विचारेल.

आता तारीख. हंगामाच्या सुरुवातीला इंग्लंडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ती साडेपाच तास मागे होते. त्यामुळे तिथला दुपारी 3 चा सामना आपल्याकडे आधी संध्याकाळी साडेसातला आणि नंतर रात्री साडेआठला सुरू होतो. हा एक तास नीट पाहूनच निरोप पाठवावा, नाहीतर पाहुणा कुलूपबंद दारासमोर उभा राहतो. रात्री साडेआठचा सामना संपायला साडेदहा वाजतात. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे एकट्याने परतणाऱ्यांची सोय आधीच ठरवावी आणि ती सोय जोडीदारानेच पाहावी. आठवड्याच्या मध्यातले, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होणारे सामने नव्या माणसांसाठी नाहीतच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्ते गर्दीने भरलेले असतात, तेव्हाही कोणाला बोलावू नये. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत मंडळांचा लेझीमचा सराव संध्याकाळीच चालतो. आपलीच निम्मी मुले तिकडे असतात, आणि ज्याला जोडीदार म्हणून लिहिले आहे तो लेझीम खेळायला गेला तर यादी असून उपयोग नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक जुन्या सभासदाला आदल्या दिवशी फोन करून ‘तू नक्की येणार ना’ असे विचारावे, आणि राखीव म्हणून एक-दोन माणसे मोकळी ठेवावीत.

खोलीबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट एकच, ती म्हणजे पश्चिमेची खिडकी. ऑगस्टमध्ये सामना साडेसहाला असेल, तर सूर्य मावळेपर्यंत पहिली काही मिनिटे पडद्यावर तिरपे ऊन येते आणि निळे सदरे पांढुरके दिसू लागतात. पातळ पडदा त्याला पुरत नाही. सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून खिडकीच्या गजांना वरच्या बाजूने बांधावी, खालची कड खुर्चीने दाबून ठेवावी, की उजेड थांबतो. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. पाण्याचा दिवस नसेल तर जार आदल्या रात्रीच आणून ठेवा. गच्चीवर कार्यक्रम घेऊ नका, पाऊस येतो.

खाण्याबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण सोलापुरात पाहुणा उपाशी जात नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि चहा एवढे पुरते. हंगामाची सुरुवात श्रावणात येते, त्यामुळे तेव्हा सर्वांसाठी शाकाहारीच ठेवावे. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी: वाढण्याचे काम जोडीदारांना देऊ नये. चहाची किटली घेऊन फिरणारा माणूस कोणाच्याच शेजारी बसलेला नसतो, आणि मागच्या वेळी आपली सर्वांत चांगली, सर्वांत मनमिळाऊ माणसे नेमकी स्वयंपाकघरात अडकली होती.

पाहुण्यांना सामन्याच्या अर्धा तास आधी बोलवावे. दारात जोडीदाराने उभे राहावे, नावाने हाक मारावी, चपला काढून होईपर्यंत थांबावे आणि जागेपर्यंत बरोबर घेऊन जावे. भाषण करू नये, ओळखपरेड करू नये. संघ मैदानात येताना ‘झेड-कार्स’ या जुन्या पोलीस मालिकेची धून वाजते. गुडिसनवर वाजायची तीच आता इथेही वाजते. आपण सगळे त्या वेळी उभे राहतो. का उभे राहायचे, हे नव्या माणसाला आधीच हळूच सांगून ठेवा, म्हणजे तो गोंधळून एकटाच बसून राहणार नाही.

सामना सुरू झाल्यावर जोडीदाराने विचारले तेवढेच सांगावे. ऑफसाइड समजावताना व्याख्या सांगू नये. पुढची संधी येईपर्यंत थांबून पडद्यावरच शेवटचा बचावपटू दाखवावा. व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णयाची होणारी, तपासणी लांबली तर तेवढ्या वेळात काय तपासत आहेत ते सांगावे, कारण नवी माणसे तिथेच कंटाळतात. आपल्या खेळाडूला शिव्या देऊ नका. चेंडू हुकला म्हणून आपणच आपल्या माणसाला बोल लावू लागलो, तर नवख्याने त्याच्यावर प्रेम करायला कुठून सुरुवात करावी? लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचे मित्र आले असतील तर त्यांनाही जोडीदार द्या आणि चिडवाचिडवी त्यांनी सुरू केल्याशिवाय करू नका.

आणि मध्यंतर. ही पंधरा मिनिटे संपूर्ण संध्याकाळीत सर्वांत महत्त्वाची आहेत, म्हणून पुन्हा सांगतो: मध्यंतरात जोडीदाराने जागा सोडायची नाही. फोन करायला, गाडी सरकवायला, टपरीवर जायला कोणीही उठू नये. जुन्या मंडळींनी जिन्यात घोळका करून पहिल्या सत्राची चर्चा करू नये. ती जागेवर बसून, पाहुण्याला मध्ये घेऊन करावी. त्याला विचारावे की तुम्हाला कोण आवडला, आणि त्याने सांगितलेल्या खेळाडूबद्दल दोन वाक्ये बोलावीत. दुसऱ्या सत्रात त्याची नजर त्याच खेळाडूवर राहते आणि मग तो उठून जात नाही.

सामना संपल्यावर निकाल काहीही असो, पाहुण्यांना लगेच सोडावे. आवराआवरीला त्यांना हात लावू देऊ नये. वर्गणी मागू नये. गटात त्यांचा नंबर त्यांना विचारूनच घालावा. दुसऱ्या दिवशी फोन जोडीदारानेच करावा, सामूहिक संदेश टाकून मोकळे होऊ नये. पुढच्या सामन्याची तारीख आणि भारतीय वेळ त्याच फोनवर सांगावी. पुन्हा येणाऱ्याला पुन्हा त्याच माणसाशेजारी बसवावे. यादीचा कागद फेकू नका, पुढच्या वेळी त्यावरूनच जोड्या लावायच्या आहेत.