आवाज पेटीत अडकून राहत होता: घरी बनवलेल्या सहा तारी वाद्याचा माझा अनुभव

लक्षण असं: तार छेडली की बोटांना कंप जाणवे, पण आवाज बारीक आणि लगेच विझणारा. जाड तारा लावल्या, पेटीचं छिद्र मोठं केलं. काहीच फरक नाही. तीन महिने अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

चूक तबलीत, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीत होती. तार स्वतः फार थोडी हवा हलवते, खरं काम तबली करते. माझी ५ मिमी प्लायवूडची, म्हणजे जड आणि ताठ.

आधी तारा उतरवून जुनी तबली काढली. स्प्रूस या हलक्या लाकडाची ३ मिमी फळी घेतली, लाकडाच्या रेषा तारांच्या दिशेनं. आतून दोन पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या, मध्ये १२ मिमी उंच, टोकांना ३ मिमी. मग टोकं थोडी थोडी तासत, दर वेळी बोटानं टिचकी मारून ऐकलं. बसका 'टक' जाऊन लांबणारा 'टण्ण' आला की थांबायचं. इथे घाई केली तर तबली तारांच्या ताणानं खचते. नंतर तबली पेटीला चिकटवून २४ तास शिकंज्यात ठेवली.

शेवटी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती तबलीवरची पट्टी. तबलीवर सँडपेपर ठेवून घोडीचा तळ घासला, खाली कागदही सरकेना इतका, आणि मगच चिकटवली. दुसऱ्या दिवशी तारा हळूहळू ताणल्या. आता शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं.