विमानांच्या प्रतिकृती बांधताना या चुका टाळा : दोष दिसतो शेवटी, घडतो आधी

प्लॅस्टिकच्या किटमधून विमानाची प्रतिकृती बांधताना जे दोष डोळ्यांना दिसतात, ते बहुधा दिसतात त्या दिवशी घडलेले नसतात. रंगाखालून वर आलेली सांध्याची रेघ हा रंगाचा दोष वाटतो, पण तिचे मूळ पंधरा दिवसांपूर्वी घाईने घासलेल्या सांध्यात असते. डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायचे चिन्हांचे पातळ चित्र; त्याखाली चमकणारे रुपेरी डाग डिकॅल खराब असल्यामुळे नव्हे, तर त्याखालच्या खरखरीत रंगामुळे पडतात. आणि पूर्ण झालेले विमान शेल्फवर ठेवताच नाक वर उचलून शेपटीवर बसते, तेव्हा त्यामागची चूक धडाचे दोन भाग चिकटवले त्याच संध्याकाळी झालेली असते. या छंदात नव्याने आलेली मंडळी मला नेहमी शेवटच्या टप्प्याबद्दल विचारतात आणि माझे उत्तर नेहमी दोन-तीन टप्पे मागे जाते. तेच प्रश्न इतक्यांदा आले आहेत, की उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

शेपटीवर बसणाऱ्या विमानापासून सुरुवात करतो, कारण या एका चुकीने माझी दोन विमाने वाया गेली आहेत. ज्या विमानांना नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन चाके असतात, त्या सर्वांच्या बाबतीत हा धोका असतो. पी-३८ लाइटनिंग, बी-२५ मिचेल, मिग-१५ आणि मेसरश्मिट एमई-२६२ ही त्यातली नेहमीची नावे आहेत. खऱ्या पी-३८ च्या नाकात चार मशीनगन, एक २० मिलिमीटरची तोफ आणि त्यांचा दारूगोळा असे. किटमध्ये मात्र ते नाक पोकळ असते आणि मागे लांबवर गेलेल्या दोन दांड्यांचे प्लॅस्टिक सगळा तोल मागे ओढते. माझे पहिले पी-३८ मी नाकात काहीही न भरता पूर्ण केले होते आणि त्याला आजही शेपटीखाली पारदर्शक काडीचा टेकू द्यावा लागतो. दुसऱ्या खेपेस, १/४८ प्रमाणातल्या किटमध्ये, मी शिशाचे छर्रे भरले आणि ते पांढऱ्या गोंदाने जागी बसवले. विमान तीन चाकांवर व्यवस्थित उभे राहिले आणि तीन वर्षे तसेच उभे होते. मग एके दिवशी नाकाच्या वरच्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली. काही महिन्यांत ती इतकी रुंदावली, की आतली पांढरी भुकटी बाहेर डोकावू लागली. पांढऱ्या गोंदातून निघणारे ॲसेटिक आम्ल बंद जागेत शिशावर काम करत राहते, शिशाचे हळूहळू कार्बोनेट बनते आणि ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. त्या दाबाने नाक आतून फुटले होते. ते दुरुस्त करायचे तर रंग, डिकॅल आणि अर्धे कॉकपिट काढावे लागले असते, म्हणून ते विमान मी तसेच ठेवले आहे आणि शिसे पांढऱ्या गोंदात बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. धड, पंख आणि शेपूट कागदी टेपने तात्पुरते जोडतो, मागची चाके जिथे येणार तिथे दोन्ही बाजूंना खाली पेन्सिल आडवी ठेवतो आणि नाकावर एकेक स्टीलचा नट ठेवत विमान पुढे झुकेपर्यंत थांबतो. त्यात सुमारे पाव भाग आणखी मिळवतो, कारण शेपटीकडचे बारीक भाग, रंग आणि वार्निश यांचेही वजन असते. हे वजन मागच्या चाकांपासून जितके पुढे तितके थोडे पुरते : दहा सेंटिमीटर पुढे ठेवलेले दहा ग्रॅम आणि दोन सेंटिमीटर पुढे ठेवलेले पन्नास ग्रॅम यांचा परिणाम सारखाच असतो. म्हणून आसनामागच्या पोकळीत मूठभर वजन कोंबणे हा उपाय नव्हे. त्याने प्लॅस्टिकचे नाजूक पाय वाकतात. बी-२५ च्या काही आवृत्त्यांचे नाक काचेचे असल्याने तिथे वजन लपत नाही. अशा वेळी इंजिनांच्या आवरणांचा पुढचा भाग आणि कॉकपिटच्या मजल्याखालची जागा वापरावी. वजन इपॉक्सीने (दोन घटक मिसळून लावायच्या गोंदाने) बसवावे. शिसे वापरलेच, तर ते घासू नये आणि हात साबणाने धुतल्याखेरीज तोंडाला लावू नयेत.

दुसरी चूक सांध्यांची आहे आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते. १/७२ प्रमाणात एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. या हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची भेग होते आणि अशी भेग घेऊन कोणतेही विमान उडत नाही. पॉलिस्टायरीनसाठी, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकसाठी, वापरले जाणारे सिमेंट हा खरे तर गोंद नसून द्रावक आहे. ते दोन्ही कडा विरघळवते आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. पातळ सिमेंट लावताना भाग आधी जुळवून धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे, म्हणजे केशाकर्षणाने ते आपोआप आत पसरते. मग हलका दाब द्यावा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्यावर वर आली, की सांधा भरला असे समजावे.

इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर असते. चुकते ते यानंतर. सांधा तासाभरात हाताला घट्ट लागतो आणि उतावळे लोक लगेच सँडपेपर उचलतात. पण आतल्या प्लॅस्टिकमध्ये द्रावक अजून शिल्लक असते. ते पुढचे अनेक दिवस उडत राहते आणि तो भाग आकसत जातो. आज सपाट घासलेल्या जागी पुढे उथळ चर पडतो आणि तोपर्यंत वर रंग बसलेला असतो. मी आठवडाभर सांध्याला हात लावत नाही. त्या काळात कॉकपिट रंगवावे, चाके घासावीत, नाहीतर दुसरे किट उघडावे. मुलाखतीला बसल्यासारखे एकाच विमानासमोर ताटकळण्याची गरज नाही. नंतर ४००, ६०० आणि १००० क्रमांकाचे कागद पाणी लावून क्रमाने फिरवावेत आणि प्रायमरचा हलका हात मारून तिरप्या उजेडात पाहावे. प्रायमरखाली जी रेघ दिसते ती रंगाखालीही दिसणारच. जाड रंगाने ती बुजेल ही आशा सोडून द्यावी.

सांधे बुजवताना खऱ्या विमानाची छायाचित्रे जवळ असावीत, कारण काही रेघा तिथे मुळातच असतात आणि काही मुळातच नसतात. पी-५१ मस्टँगच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून घासले जात आणि त्यावर रंग दिला जाई. तरीही किटवर कोरलेली प्रत्येक रेघ काळ्या वॉशने (रेघांत उतरणाऱ्या अगदी पातळ रंगाने) उठवलेले मस्टँगचे पंख मी सतत पाहतो. तिथे त्या रेघा भरून टाकणे हेच अचूक काम आहे.

डिकॅलखालच्या रुपेरी डागांचे कारण एकदा समजले, की उपाय वेगळा शिकवावा लागत नाही. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डिकॅलची पारदर्शक झिल्ली त्या उंचवट्यांवर तरंगत राहते आणि खाली अडकलेल्या हवेवरून प्रकाश परततो. म्हणून डिकॅलपूर्वी चकचकीत वार्निशचा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. हा थर वगळून वेळ वाचवा असे सांगणाऱ्यांचे सल्ले मी मानत नाही. वाचलेला अर्धा तास नंतर प्रत्येक चिन्हाखाली दिसतो. डाग पडलेच, तर बारीक सुईने झिल्लीला टोचे मारून त्यावर डिकॅल मऊ करणारे द्रावण लावावे आणि गरजेनुसार पुन्हा लावावे. या द्रावणाने डिकॅल सुरकुतते आणि ते पाहून घाबरलेला माणूस बोटाने सुरकुत्या सारू लागतो. ती झिल्ली त्या क्षणी ओल्या कागदाहून नाजूक असते. तिला हात लावू नये. वाळताना ती आपोआप ताणली जाऊन पृष्ठभागावर बसते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगता येतात. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून ते पिळून तोडू नयेत; कटरने आधी थोडे अंतर सोडून कापावे, मग उरलेला खुंट वेगळा कापावा, नाहीतर प्लॅस्टिक पांढरे पडते किंवा खड्डा पडतो. सुट्या भागांवर साच्याचे तेल असू शकते, म्हणून चौकटी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवाव्यात. कॉकपिट धडात बसते का, हे चिकटवण्यापूर्वी पाहावे; बाजूच्या भिंतीवर चढलेला रंगाचा जाड थरसुद्धा धड बंद होऊ देत नाही. कॅनोपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) सुपरग्लू लावू नये, कारण त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. तिथे पांढरा गोंदच योग्य आहे आणि इथे शिसे नसल्याने त्याची भीतीही नाही. एनॅमल रंगावर तीव्र द्रावकाचा लॅकर रंग मारल्यास खालचा थर सुरकुततो. पाण्यात मिसळणाऱ्या काही ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोल घातले, तर गुठळ्या होतात. दमट हवेत मॅट वार्निश फवारू नये, त्यावर पांढरट झाक येते. लॅकर आणि सिमेंट वापरताना खिडकी उघडी असावी आणि एअरब्रश चालवताना वाफ अडवणारा मास्क तोंडावर असावा. धुळीचा साधा मास्क द्रावकाची वाफ थांबवत नाही.

रंगांच्या बाबतीत माझा नियम असा, की पूर्ण विमानावर कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करायची नाही. फसलेल्या एका किटचा पंख मी प्रायमर देऊन टेबलावर ठेवला आहे. नवा रंग, नवे थिनर, नवे वार्निश किंवा डिकॅलचे नवे द्रावण आधी त्या पंखावर जाते, दोन दिवस तिथे राहते, त्यावर टेप चिकटवून ओढला जातो आणि रंग टेपबरोबर निघून आला नाही, तरच ते विमानापर्यंत पोहोचते.