शाळा उघडण्याआधी, माळ्यावरची फाईल

शाळा जूनच्या मध्याला उघडते. दप्तर, वह्या, रेनकोट ही खरेदी आपण सांगलीच्या मारुती रोडवर मे महिन्यातच उरकतो. राहतात ते कागद. आधी एक चेनवाली प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि ती कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका. सांगलीकरांना कारण सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या मोठ्याचा जन्मदाखला खालच्याच खणात होता. वाळवायला काढला तर हातात लगदा आला. आता फाईल माळ्यावर असते.

फाईलीत मुलाचा जन्मदाखला, मूल आणि आई-बाबा अशा तिघांची आधार कार्डं, लागू असेल तर जातीचा दाखला, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि चार-सहा पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आधीच काढून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग असते. मूळ कागद दाखवायचे आणि परत आणायचे, शाळेत ठेवून यायचे नाहीत.

मग जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर वाचा. यात घाई नको. आमच्या धाकटीचं नाव सई. ‘सई’ आणि ‘साई’ दोन्हीचं इंग्रजी स्पेलिंग एकच, त्यामुळे आधारवर मराठीत छापून आलं ‘साई’. शाळेतल्या क्लार्कमामांनी त्या कान्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, “वहिनी, हे आत्ताच करून घ्या, दहावीच्या फॉर्मला रडू येईल.” नाव किंवा जन्मतारीख जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीत, चुकली असेल तर मूल त्या शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, पुढे प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्याचा दाखला काढल्यावर हे काम भलतंच अवघड होतं. आधारचं बोटांचे ठसे-फोटो अपडेट 5 व्या आणि 15 व्या वर्षी करावं लागतं, तेही मे महिन्यात उरका.

बोनाफाईड, म्हणजे मूल या शाळेत शिकतं असा दाखला, हवं असेल तर अर्जात कशासाठी ते लिहा आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. ‘आज संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्यांत मीही होते. आसपासच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलांचा पास निघेपर्यंत तिकिटाचे पैसे लागतील, ते वेगळे काढून ठेवा.

रोजच्या गोष्टींत सगळ्यात महत्त्वाचा शाळेकडे असलेला मोबाईल नंबर. सिम बदललं की वर्गशिक्षिकांना लेखी कळवा, नुसतं तोंडी नको. ताप आला तर त्याच दिवशी निरोप, आणि मूल परत जाताना रजेचा अर्ज. आजारपण लांबलं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट. मधल्या सुट्टीत मुलाला घरी न्यायचं असेल तर कोण येणार ते आधी डायरीत लिहून सही करा. एकदा मी सासऱ्यांना पाठवलं आणि लिहायचं विसरले. शिपाईमामांनी त्यांना गेटबाहेर अर्धा तास बसवलं. ते चिडले, पण मामांचं काही चुकलं नव्हतं.

शाळेत पहिल्या दिवशी मूल ओळखपत्राशी खेळतं आणि दोरी तोडतं, म्हणून एक दोरी जास्तीची आणा.

आणि पावसाचं. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाशी 45 फूट. पाणी तिथवर येऊ लागलं की वर्गाच्या ग्रुपवर सुट्टीचे मेसेज धावतात. त्यात मागच्या वर्षीचं पत्र हमखास असतं. तारीख वाचा, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश शाळेकडून आला तरच मुलाला घरी ठेवा. नदीपलीकडच्या सांगलीवाडीहून मुलं येत असतील तर पूल बंद झाल्यास रिक्षावाले मामा त्यांना कुणाकडे सोडणार, हे जूनमध्येच ठरवा. आमच्याकडे ते घर गणपती मंदिराच्या मागे होतं. पाणी आलं की तेच आधी बुडतं हे लक्षात आल्यावर विश्रामबागला मावशीकडे केलं.