ईएमटी परीक्षेची तयारी: नोंदणीपासून राज्याच्या परवान्यापर्यंत

अमेरिकेत रुग्णवाहिकेवर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजेच ईएमटी म्हणून काम करायचे असेल, तर बहुतेक राज्यांत 'नॅशनल रजिस्ट्री' या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ओहायो राज्यातील कोलंबस येथे मुख्यालय असलेली ही संस्था १९७० साली स्थापन झाली. तिकडे वाढलेली अनेक मराठी मुले वैद्यकीय शिक्षणाकडे वळण्यापूर्वी हा अभ्यासक्रम करतात, तर भारतात परिचर्या किंवा वैद्यकशास्त्र शिकून गेलेले काहीजण रुग्णसेवेशी संबंध टिकवण्यासाठी करतात. पुढील यादी या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

पहिले काम पुस्तक उघडण्याचे नसून नाव तपासण्याचे आहे. परीक्षा केंद्रावर दाखवायच्या शासकीय ओळखपत्रावरील नाव आणि आडनाव रजिस्ट्रीच्या खात्यातील नावाशी जुळणे आवश्यक असते, आणि आपल्याकडे पारपत्रात स्वतःच्या नावाला वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असल्यामुळे नेमका इथेच घोळ होतो. ओळखपत्रावर जसे आहे तसेच नाव खात्यात नोंदवावे आणि तफावत असल्यास ती तारीख घेण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी. त्यानंतर अर्ज करावा, शुल्क भरावे आणि अभ्यासक्रम व कौशल्ये पूर्ण झाल्याची नोंद अभ्यासक्रम संचालकांनी रजिस्ट्रीकडे केली आहे, याची विचारून खात्री करावी. ही नोंद राहून गेल्यास अर्ज तसाच अडकून पडतो. हे सर्व पार पडले की परीक्षेचे अनुमतिपत्र मिळते व ते ९० दिवस वैध असते. शक्यतो या मुदतीच्या पहिल्या काही आठवड्यांतलीच तारीख घ्यावी, कारण अभ्यासक्रमात हाताला बसलेले वळण फार दिवस टिकत नाही.

परीक्षा संगणकावर होते आणि आधीच्या उत्तरांवरून पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. किमान ७० आणि कमाल १२० प्रश्न, वेळ दोन तास, आणि उत्तर दिलेल्या प्रश्नाकडे परत जाण्याची सोय नाही. त्यामुळे घरी सराव करतानाही मागे न वळण्याची सवय लावावी. प्रश्न अवघड होत चालले म्हणून धीर सोडू नये. उत्तरे बरोबर येत असली तरी नेमके हेच होते.

अभ्यासाचा सर्वांत मोठा वाटा प्राथमिक तपासणीला द्यावा. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आराखड्यात जवळपास चाळीस टक्के भार तिच्यावरच आहे. आजारांची लक्षणे पाठ असलेला परीक्षार्थीही इथे चुकतो, कारण विचारलेले असते ते 'काय झाले आहे' हे नव्हे, तर 'आता सर्वप्रथम काय करायचे' हे. जागा सुरक्षित आहे का, हातमोजे घातले का, रुग्ण किती आहेत, आणखी मदत हवी का, जिवावर बेतणारा रक्तस्राव आहे का, श्वसनमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, नाडी कशी आहे, हा क्रम रोज मोठ्याने म्हणावा आणि प्रत्येक सराव प्रश्न त्यावर ठेवून पाहावा. समजा, जिन्याखाली पडलेली व्यक्ती प्रतिसाद देत नाही आणि तिच्या श्वासाला घोरण्यासारखा आवाज येतो आहे. ऑक्सिजन, रक्तदाब, नातेवाइकांकडून माहिती हे पर्याय आपापल्या जागी योग्यच आहेत. पण घोरण्याचा आवाज म्हणजे जिभेने अडवलेली वाट, आणि पडल्यामुळे मानेला इजा असू शकते, म्हणून डोके मागे न झुकवता जबडा पुढे उचलणे हे उत्तर. आवाज गुळगुळ असा, म्हणजे घशात द्रव साचल्यासारखा असता, तर आधी सक्शन, म्हणजे तो द्रव उपकरणाने ओढून काढणे, करावे लागले असते.

भारतात डॉक्टर किंवा परिचारिका म्हणून काम केलेल्यांसाठी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतात. अमेरिकेत ईएमटीसोबत ते सहसा नसतात, आणि श्वासनलिकेत नळी घालणे यांसारखे पर्याय वैद्यकीयदृष्ट्या कितीही पटले तरी ते ईएमटीच्या अधिकाराबाहेरचे असतात. औषधांची नावेही तिकडची पाठ करावीत: ॲड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. प्रत्येक औषधाबरोबर ते कधी देऊ नये हेही लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल किंवा रुग्णाने नुकतेच सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतले असेल, तर छातीतील दुखण्यावरचे नायट्रोग्लिसरिन देऊ नये. ज्याला गिळता येत नाही, त्याला तोंडावाटे ग्लुकोज देऊ नये.

पाठांतर करायचे आकडे थोडेच आहेत, पण ते अचूक हवेत. छातीदाब, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब, मिनिटाला १०० ते १२०. प्रौढांसाठी ३० दाबांमागे दोन श्वास, तर मुलांसाठी दोघे मदतनीस असल्यास १५ मागे दोन. नाडी असून श्वास नसलेल्या प्रौढाला दर सहा सेकंदांनी एक श्वास आणि बालकाला दर दोन ते तीन सेकंदांनी एक. बालकांचे प्रश्न सर्वच विभागांतून येतात, म्हणून तो भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

प्रात्यक्षिक परीक्षेचे नियम राज्यागणिक बदलतात. ते अभ्यासक्रम संचालकांना विचारावेत.

परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे आणि मुदत न संपलेले ओळखपत्र सोबत ठेवावे. घड्याळ व फोन आत नेता येत नाहीत. संगणक सत्तराव्या प्रश्नाला थांबला किंवा पुढे चालू राहिला, यावरून निकालाचा तर्क करू नये. अनुत्तीर्ण झाल्यास १५ दिवसांनंतर पुन्हा बसता येते, मात्र तीन प्रयत्नांनंतर उजळणी प्रशिक्षण अनिवार्य असते. उत्तीर्ण झाल्यावरही लगेच रुग्णवाहिकेवर चढता येत नाही: काम करण्याचा परवाना राज्य देते, त्याचा अर्ज, पार्श्वभूमी तपासणी आणि वयाची अट स्वतंत्र असते, आणि रजिस्ट्रीच्या प्रमाणपत्राचेही दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.