सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड : इंदुरात काढायचं कसं, वापरायचं कसं

सरकारने स्वतः दवाखाने चालवावेत की दुसऱ्याच्या दवाखान्यातलं बिल भरावं, हा वाद जुना आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीचा कौल पहिल्या बाजूला होता. २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली आयुष्मान भारत योजना दुसऱ्या बाजूची: सरकार पैसे देणार, उपचार सरकारी किंवा खासगी रुग्णालय करणार. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ मिळतो. म्हणजे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातली पेन्शनर मंडळीही आता या वादात आलीच. पैसे देणारा तिसरा असला की भांडण कागदावर होतं, म्हणून आधी कागद नीट करा.

कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. ते फुकट निघतं; कियोस्कवाल्याने ‘अप्रूव्हल’चे पैसे मागितले तर देऊ नका. घरच्या घरी काढायचं तर आयुष्मान अ‍ॅप घ्या किंवा योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थी म्हणून मोबाइलच्या ओटीपीने आत शिरा. सत्तरीवरच्यांसाठी वेगळी नोंदणी दिसते, तिथे आधार क्रमांक टाकून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी करायची, फोटो आणि घरच्यांची माहिती भरायची, मंजुरी आली की कार्ड उतरवून घ्यायचं. वय आधारवरचंच धरतात. शाळेचा दाखला, जन्मपत्रिका इथे चालत नाही. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारने दिलेला ओळख क्रमांक, तोही हाताशी ठेवा, मध्य प्रदेशात त्याच्याविना फारसं काही हलत नाही.

अडतं कुठे, तर बोटांवर. सत्तरीनंतर ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहतं. बोट ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून एक-दोनदा बघा. तरीही जमलं नाही तर ओटीपी, बुबुळ किंवा चेहऱ्याची ओळख हे पर्याय आहेत. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो. मुलगा पुण्याला आणि नंबर त्याचा, अशी गत असेल तर त्या वेळी त्याला फोनजवळ बसवा.

दुसरी अडचण खास आपली, मराठी नावांची. हिंदी नोंदींत ‘ळ’चा ‘ल’ होतो: काळे कागदावर काले होतात. आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये असतं, समग्रवर नसतं. एखादीकडे माहेरचं आडनाव अजून चालू असतं. आधार आणि समग्र समोरासमोर ठेवून नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. दुखणं अंगावर आल्यावर समग्रमधली दुरुस्ती करायला धावणं फार जिवावर येतं.

आता रक्कम. ५ लाख रुपये वर्षाला, पण कुटुंबाला. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर त्यांचे मिळून ५ लाख. घर आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे मिळतात, घरातल्या धाकट्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असलेल्यांना मात्र दोहोंतलं एकच निवडावं लागतं. महूच्या निवृत्त फौजींनी इथे घाई करू नये: ईसीएचएसमध्ये ओपीडी आणि रोजची औषधं मिळतात, आयुष्मानमध्ये नाहीत. मधुमेह, रक्तदाबाचा महिन्याचा खर्च हे कार्ड एक पैशानेही हलका करत नाही. या योजनेवरचा सगळ्यात रास्त आक्षेप आमच्या मते हाच आहे.

दाखल होताना डॉक्टरांशी बोलण्याआधी आयुष्मान मित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या मदतनिसाचं टेबल गाठा. ‘तुमच्याकडे आयुष्मान चालतं का’ एवढंच विचारलं की ‘हो’ ऐकू येतं आणि माणूस फसतो. प्रश्न असा विचारा: ‘हे ऑपरेशन, या विभागात, तुमच्याकडे योजनेत आहे का? आणि ते सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तर नाही?’ रुग्णालय काही शाखांपुरतंच योजनेच्या सूचीत असू शकतं. हृदयाचं होतं आणि गुडघ्याचं नाही, असंही घडतं. नकार मिळाला तर एमवाय (महाराजा यशवंतराव) हे सरकारी रुग्णालय किंवा सरकारी सुपर स्पेशालिटीचा रस्ता मोकळा असतोच.

केंद्राच्या २०२२ च्या यादीत २७ शाखांचे १,९४९ उपचार आहेत, प्रत्येकाचा दर ठरलेला. खासगी रुग्णालयांची कुरकूर याच दरांवर आणि उशिरा येणाऱ्या पैशांवर असते. ती खोटी नाही, पण तिचा बोजा रुग्णाच्या डोक्यावर टाकायची परवानगी कुणालाच नाही. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये जनरल वॉर्डाची खाट, डॉक्टर, भूल, औषधं, तपासण्या, शरीरात बसवायचा कृत्रिम भाग आणि जेवण धरलेलं असतं. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवसही. एकाच वेळी एकाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या तर रुग्णालयाला दुसरीचा दर निम्मा आणि तिसरीचा पाव मिळतो. ‘दुसरी पुढच्या महिन्यात करू’ या सल्ल्यामागे कधीकधी हे गणित असतं. वैद्यकीय कारण काय, ते विचारा. न्यूमोनियासारख्या दुखण्यात दर दिवसाचा असतो आणि मुक्काम वाढला की मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. म्हणून ‘मंजुरी कितव्या दिवसापर्यंतची आहे’ हे नातेवाइकाने लिहून ठेवावं.

आधीपासूनचा आजार असला तरी चालतो, थांबण्याची मुदत नाही. तातडीचं असेल तर उपचार अडवू नका, पण योजनेतून दाखल करतोय हे पहिल्याच फॉर्मवर नोंदवा. आधी रोखीत दाखल करून मग योजनेत वळवणं फार कठीण जातं.

कुणी ‘डिपॉझिट’ किंवा ‘चांगल्या क्वालिटीचा’ फरक मागितला तर ‘पावती द्या, त्यावर कारण लिहा’ असं शांतपणे म्हणा. पुष्कळदा मागणी तिथेच विरते. नाही विरली तर रुग्णालयातूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन लावा, तक्रार क्रमांक घ्या, आणि सीएम हेल्पलाइन १८१ वरही नोंदवा. जिल्ह्याची तक्रार समिती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली असते, आणि तिथे पावतीशिवाय तोंडी तक्रारीला वजन नाही. डिस्चार्जच्या वेळी कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि किती रक्कम वजा झाली ते आयुष्मान मित्राकडून विचारून घ्या. उरलेल्या पैशांत घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं वर्ष निघायचं असतं.